कोल्हा काकडीला राजी

नवी गाडी बुक करताना शोरूममधल्या पोराला पहिला प्रश्न 'मॅग व्हील मिळतील का?' असा कुणी कुणी विचारला होता? हात वर करा. लाजू नका, मीही त्यातलाच. ॲव्हरेज किती देते, सर्व्हिसिंगला खर्च किती, हे प्रश्न बाबांचे. आपला प्रश्न चाकांचा. पगार पहिला असो की पाचवा, चाकं चकाकली पाहिजेत!

गंमत म्हणजे आपण ज्याला 'मॅग' म्हणतो त्यात मॅग नसतोच. मॅग म्हणजे मॅग्नेशियम. एके काळी रेसच्या गाड्यांना मॅग्नेशियमची हलकी चाकं असायची. पुढे सगळीकडे ॲल्युमिनियमचा अलॉय आला, पण नाव तेच चिकटलं. फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो ना, तसं. मलाही चाकांबद्दल एवढंच ठाऊक होतं. बाकी सगळं मी एका जर्मन आजींच्या तळघरात शिकलो. तिथेच माझी एक परीक्षाही झाली. मार्क किती पडले ते शेवटी तुम्हीच ठरवा.

२०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं मी स्टुटगार्टला ऑनसाइट होतो. तिसऱ्या मजल्यावर मी, तळमजल्यावर आजी. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, नजर कडक. तिकडे 'केअरवोखे' नावाचा प्रकार असतो. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आणि दारापुढचा फूटपाथ झाडायची पाळी तुमची. घरी पाण्याचा ग्लास उचलून न ठेवणारा मी तिथे निमूटपणे जिना पुसत होतो. आईने पाहिलं असतं तर फोटो काढून अख्ख्या खानदानाला पाठवला असता. पण त्या जिन्याच्या जोरावर आजींची माझ्यावर मर्जी बसली. त्सुफेनहाउझनच्या पोर्शे म्युझियमला मी महिन्यातून एकदा जातो, याचं तर त्यांना फारच कौतुक. तरी बोलणं मात्र कायम 'अहो-जाहो'. जर्मन माणूस सहजासहजी 'तू'वर येत नाही.

२०१९ च्या मार्चमधली गोष्ट. आजी घर सोडून मुलीकडे हॅम्बुर्गला निघाल्या होत्या. तळघर रिकामं करायचं काम चालू होतं. जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "खाली आमच्या ह्यांच्या जुन्या गाडीची चार चाकं पडलीयेत. तुम्हाला गाड्यांचं वेड आहे. पन्नास युरो द्या आणि घेऊन जा. नाहीतर शुक्रवारी सामान उचलणारा येतोय, तो नेईल."

मी खाली गेलो. मिणमिणता दिवा, बटाट्यांचा वास, एका जुन्या ब्लँकेटखाली चार चाकं. टायर नव्हते. मी ब्लँकेट उचललं आणि बॉस, पोटात गोळाच आला. पाच रुंद पाकळ्या, पाकळ्यांच्या कडा चंदेरी, मधला भाग काळा. म्युझियममध्ये काचेपलीकडून बघतो तीच चाकं. फुक्स!

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अलॉय चाकांची गोष्ट तशी जुनी. १९२४ मध्ये बुगाटीने आपल्या 'टाइप ३५' या रेसच्या गाडीला ॲल्युमिनियमची ओतीव चाकं लावली होती. पण रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचं एकच चाक निवडा म्हटलं, तर अनेक जण फुक्सचं नाव घेतील. पोर्शेला १९६६ मध्ये आलेल्या '९११ एस'साठी हलकं पण दणकट चाक हवं होतं. माइनरत्झहागन गावातल्या ओटो फुक्स कंपनीने ते घडवलं. डिझाइन पोर्शेच्या हाइनरिश क्ली यांचं. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे हे चाक ओतीव नाही, घडीव आहे. साच्यात धातूचा रस ओतायचा नाही, तर तापलेला धातू प्रचंड दाबाखाली दाबून आकार द्यायचा. घडीव धातूत पोकळी राहत नाही, त्यामुळे कमी जाडीतही ताकद येते. स्टीलच्या चाकापेक्षा हे चाक सुमारे ३ किलोने हलकं होतं. चार चाकांचे १२ किलो. आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं. ते कमी झालं की खड्ड्यावरून चाक पटकन वर येतं, पटकन खाली बसतं, रस्ता सुटत नाही.

आता मनातलं खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात हे काहीही नव्हतं. डोक्यात होते फक्त पन्नास युरो. म्हणजे तेव्हाचे जेमतेम चार हजार रुपये. मी आजींना म्हटलं, "उद्या सांगतो." आणि रात्रभर कूस बदलत राहिलो.

ऑफिसात माझ्या पलीकडच्या टेबलावर एक सहकारी बसायचा. सत्तरच्या दशकातली एक ९११ तो दहा वर्षं स्वतःच्या हाताने दुरुस्त करत होता. लंचला त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्याने धड पाहिलाही नाही. म्हणाला, "चेहरा काय दाखवतोस? पाठ दाखव."

मला एकदम आई आठवली. पैठणी घ्यायला गेलं की आई पदरावरचे मोर बघायच्या आधी पदर उलटा करते. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच सुबक दिसते. मशीनवरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. दुकानदार पुढून कितीही गोड बोलू दे, आईचा निकाल मागच्या बाजूवर लागतो. चाकांचंही अगदी तसंच निघालं.

संध्याकाळी टॉर्च, साबणाच्या पाण्याची बादली आणि जुना टूथब्रश घेऊन मी तळघरात उतरलो. चाक पालथं घातलं. ब्रेकची काळी भुकटी वर्षानुवर्षं बसून दगड झाली होती. अर्धा तास घासल्यावर अक्षरं दिसायला लागली. फुक्सचं नाव. '६ जे x १५' असा आकार, म्हणजे रुंदी ६ इंच, व्यास १५ इंच, आणि 'जे' हा रिमच्या कडेचा प्रकार. '९११.३६१' ने सुरू होणारा पोर्शेचा पार्ट नंबर. आणि एक छोटासा शिक्का, महिना आणि वर्ष. १९७० चे पहिले महिने!

तिथून पुढे मला त्या सहकाऱ्याने जे शिकवलं ते तुम्हालाही देतो. उद्या कुणा मामाच्या गॅरेजमध्ये, जुन्या बाजारात किंवा परदेशातल्या तळघरात तुमच्यावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल.

आकार. सुरुवातीची फुक्स चाकं फक्त साडेचार इंच रुंद होती. १९६८ ला साडेपाच इंच झाली, १९६९ ला सहा. मग सात, आठ अशी वाढत गेली. १४ इंच व्यासाचीही होती, त्यांना मागणी कमी. म्हणजे 'फुक्स आहे' एवढ्याने काहीच ठरत नाही. कुठली फुक्स, हा खरा प्रश्न.

खोली. सहा इंचीमध्येही दोन भाऊ आहेत. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांतल्या चाकात पाकळ्या रिमच्या कडेपासून खोल आत बसतात. शौकीन त्याला 'डीप सिक्स' म्हणतात. नंतरच्या चाकात पाकळ्या वर येऊन चपट्या दिसतात. रिमवर आडवी पट्टी ठेवा आणि पाकळीपर्यंतचं अंतर मोजा, फरक कळतो. किमतीत तर चांगलाच कळतो.

तारीख. जुनी गाडी मुळासारखी करणाऱ्याला चाकही त्याच काळातलं हवं असतं. गाडी एप्रिलमध्ये कारखान्यातून बाहेर पडली असेल, तर चाकाचा शिक्का त्याच्या आधीच्या काही महिन्यांचा पाहिजे. शिक्का गाडीनंतरचा असेल तर ते चाक त्या गाडीचं असूच शकत नाही, मग विकणारा कितीही शपथा घेवो. म्हणूनच एकसारख्या तारखांची चार चाकं मिळाली तर सेटचा भाव चार सुट्या चाकांच्या बेरजेपेक्षा जास्त होतो.

कातडी. जुन्या फुक्सवर ॲनोडायझिंगचा पातळ थर असतो. तो मूळचा आणि शाबूत असेल तर सोन्याहून पिवळं. बरेच जण उत्साहाने चाक आरशासारखं पॉलिश करून घेतात. पॉलिशच्या नादात हा थर जातो, पाकळ्यांच्या धारदार कडा गोल होतात, कधी शिक्केही पुसट होतात. डाग पडलेलं पण हात न लागलेलं चाक चकाचक चाकापेक्षा महाग जाऊ शकतं. आपल्याकडे आजीची पितळी भांडी उजळून घेतात, तसा मोह इथे आवरायचा.

हाडं. शेवटी हे चाक आहे, शोपीस नाही. ते फिरणार, आणि त्यावर कुणाचा तरी जीव असणार. बोल्टच्या भोकांभोवती आणि पाकळीच्या मुळाशी बारीक तडा आहे का ते बघायचं. डोळ्याला न दिसणारा तडा रंगीत द्रव लावून शोधतात. बॅलन्सिंग मशीनवर फिरवलं की वाकलेली रिम लपत नाही. आणि आतून वेल्डिंगचा डाग दिसला तर सरळ नमस्कार करून बाजूला व्हायचं. घडीव धातूला उष्णता देऊन आणलेली ताकद वेल्डिंगच्या जागी पुन्हा उष्णता लागल्याने कमी होते.

हाच फंडा बाकीच्या नावांनाही लागतो. ब्रिटनच्या 'मिनिलाइट'चं आठ आऱ्यांचं चाक साठच्या दशकात रॅलीतल्या मिनी गाड्यांवर गाजलं. त्याच्या नकला इतक्या झाल्या की नुसत्या चेहऱ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जुनं मिनिलाइट मॅग्नेशियमचं असतं. त्याच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या चाकाच्या दोन-तृतीयांश वजनाचं, म्हणजे हातात घेताच हलकं लागतं. आतल्या बाजूला उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाकला तर मॅग्नेशियम लगेच फसफसतं. पण मॅग्नेशियमला गंज लवकर लागतो, रंगाखाली ते पोखरलेलं असू शकतं. सायकलच्या गिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीच्या 'काम्पान्योलो'ने लॅम्बोर्गिनी मिउराची चाकं मॅग्नेशियमचीच केली होती, तिथेही हीच धास्ती. आणि जर्मनीच्या 'बीबीएस'ची ऐंशीच्या दशकातली, गोल कडेने बोल्टची रांग असलेली जाळीदार चाकं तर तुकड्यांत सुटी होतात. मधला भाग एका चाकाचा, रिम दुसऱ्याची, असं सहज होऊ शकतं. म्हणून मागचा नंबर वाचायचा, रुंदी मोजायची आणि दोन्ही जुळतात का ते बघायचं.

आणि भाव? भाव चाकाचा नसतो, गाडीचा असतो. गाडीला मागणी असली की चाक तिच्या पदराला धरून वर जातं. त्यातही विकणाऱ्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. मागायला काय, मीही माझ्या जुन्या बाइकचे लाख मागीन. प्रत्यक्ष कितीला गेलं, तो भाव.

आता परत तळघरात. तीन चाकं १९७० ची, तिन्ही डीप सिक्स, तिन्हींचं ॲनोडायझिंग मूळचं. चौथं पालथं घातलं आणि थबकलो. आकार तोच, नाव तेच, पण पाकळ्या चपट्या. शिक्का १९७६ चा. सेट फुटला होता.

फोटो पाठवले. सहकाऱ्याचं उत्तर आलं, "तीन चाकांचे प्रत्येकी नऊशे युरो सहज. चौथ्याचे साडेतीनशे." एक ओळ सोडून पुढे लिहिलं होतं, "किती मागतेय?"

किती मागतेय! पन्नास. चारही मिळून पन्नास.

मी साधुसंत नाही. जुन्या बाजारात शंभराची वस्तू वीसला मागणारा मी. तिथे मला कधी वाईट वाटलेलं नाही, कारण समोरचा माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेला असतो. त्याला माल ठाऊक असतो. तो मला गंडवायला बसलाय, मी त्याला, खेळ बरोबरीचा. माझ्यातला वकील त्या रात्री फॉर्मात होता. 'किंमत त्यांनीच सांगितली. तू कुठे घासाघीस केलीस? शुक्रवारी भंगारात जाणारच होती. तू तर वाचवतोयस!' सगळे मुद्दे बिनतोड.

अडचण एकच होती. आजींनी मला गिऱ्हाईक म्हणून विचारलं नव्हतं. 'तुम्हाला गाड्यांचं वेड आहे' म्हणून विचारलं होतं. म्हणजे मला कळतं, असं धरून चालल्या होत्या. आणि आता मला खरंच कळत होतं. टूथब्रशने ती तारीख घासून काढेपर्यंत पन्नास युरो हा नशिबाचा सौदा होता. तारीख वाचल्यावर तो सौदा उरला नाही. त्याला दुसरं नाव होतं, आणि ते नाव मला माहीत होतं.

सकाळी ऑफिसला जाताना बेल वाजवली. सगळं सांगितलं. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी एक ओळखीचे गृहस्थ चारींचे दोनशे देत होते. म्हणत होते, भंगारच आहे, पण तुमच्यासाठी नेतो." मी काहीच बोललो नाही. मग मी चौथ्या चाकाची गोष्ट काढली. म्हटलं, "एक चाक नंतरचं आहे. १९७६ चं. त्यामुळे सेट पूर्ण नाही."

आजी चक्क लाजल्या. ऐंशीच्या बाई, पण वीस वर्षांच्या पोरीसारख्या.

"ते माझं," त्या म्हणाल्या. "ह्यांची गाडी मी चालवायला मागायचे, हे द्यायचे नाहीत. एकदा दिली. मी पहिल्याच वळणावर फूटपाथच्या कडेवर घातली. चाकाचा तुकडा पडला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवीन चाक घेऊन आले आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, आता नीट चालव." पुढे गाडी विकली ती हिवाळ्यात, स्टीलच्या चाकांवर. ही चारही तळघरात राहिली ती राहिलीच.

मी पाठ वाचली होती, शिक्का वाचला होता, आणि त्या शिक्क्यावरून निकाल दिला होता, 'सेट फुटलेला'. चूक नव्हती. बाजाराच्या हिशेबात ते चाक खरंच बेजोड होतं. पण ते तिथे का आलं, हे धातूवर कोरलेलं नव्हतं.

सहकाऱ्याच्या ओळखीने एक गिऱ्हाईक आलं. १९७० ची ९११ एस, आणि धड चाक फक्त एक. तो गृहस्थ गुडघ्यावर बसून तिन्ही चाकांच्या पाठी लहान मुलासारखा वाचत होता. त्याने २,७०० युरो रोख मोजले. चौथं त्याला नको होतं, चपट्या पाकळीचं त्याला काय काम? आजींनी पैसे मोजून डब्यात ठेवले. मी पन्नास युरो काढले आणि म्हटलं, "हे चौथ्याचे. परवा सांगितलेलं साडेतीनशे मला परवडत नाहीत, तुम्ही म्हणाल तर हप्त्याने देतो."

आजींनी नोट माझ्या खिशात परत कोंबली. "ते विकायचं नाही," म्हणाल्या. "ते तू घेऊन जा."

चाकापेक्षा मला तो 'तू' जास्त ऐकू आला.

चाक सूटकेसमध्ये घालून पुण्याला आणलं. बारा स्वेटरांच्या ऐवजी एक चाक. विमानतळावर एक्स-रेवाल्या साहेबांनी बॅग बाजूला घेतली. "हे काय आहे?" "चाक." "गाडी कुठाय?" "गाडी नाहीये, साहेब." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर नंतर बायकोच्या डोळ्यांत कायमची राहायला आली.

आता ते हॉलमध्ये आहे. वर गोल काच ठेवून त्याचा टीपॉय केलाय. पॉलिश केलेलं नाही, करू देणारही नाही. पाहुणे आले की मी चहाचे कप बाजूला करतो, काच उचलतो, चाक पालथं करतो आणि शिक्का दाखवतो. बायको आतून ओरडते, "चार सोडून एक आणलं, तेही बिनजोडीचं! त्याचं काय कौतुक?"

तिला मी एकदा सांगितलं होतं, जर्मनमध्ये 'फुक्स' म्हणजे कोल्हा. तेव्हापासून उत्तर तिचं तीच देते.

"कोल्हा काकडीला राजी."